तिसरी सीट

कारखान्यात तिला सगळे तडेबाई म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण ते हजेरीच्या कार्डावर पडून असायचं. पहिल्यांदा कुणीतरी तडेबाई म्हटलं तेव्हा तिला रागच आला होता. पुढे इतकी सवय झाली, की खऱ्या नावाने हाक आली तर हीच मागे वळून बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून.

कारखाना विमानतळाच्या पलीकडच्या टोकाला होता. तिथे जुनी, माल वाहणारी मोठी हेलिकॉप्टरं यायची. जन्मभर डोंगरावर सिमेंटच्या गोण्या, नदीपलीकडची आजारी माणसं, जंगलातले ओंडके असं काय काय वाहून थकलेली. रंग उडालेला, पोट तेलाने काळं पडलेलं. इथे त्यांची पाती उतरवायची, इंजिनं काढायची, पत्रे सोलायचे, वायरी उपसून बाहेर फेकायच्या. शेवटी हँगरमध्ये उरायचा तो नुसता सांगाडा, मासा खाऊन ताटात काटा उरावा तसा. मग त्या सांगाड्याला नवा पत्रा, नव्या वायरी, आणि डोक्यावर दोन नवी इंजिनं. जुन्यापेक्षा हलकी, पण ताकदीला कितीतरी जास्त. म्हाताऱ्या हाडांवर तरण्या इंजिनाचा जोर येणार, म्हणजे हाडं आधी नीट तपासून घ्यायला हवीत. ते काम तडेबाईचं.

तिची खोली हँगरच्या मागे. खिडकी नाही, दारावर जाड काळा पडदा. सुटे भाग धुऊन तिच्याकडे यायचे. बिजागऱ्या, ब्रॅकेट, इंजिन ज्यांच्यावर उभं राहतं ते पाय. ती ते एका हिरवट, तेलकट द्रवात बुडवायची, निथळत ठेवायची, मग पाण्याने धुऊन, वाळवून वर पांढरी पावडर भुरभुरवायची. वरवरचा द्रव धुऊन जातो, पण तड्यात शिरलेला आत दडून बसतो. मग दिवा मालवायचा, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत स्वस्थ बसायचं, आणि जांभळा दिवा लावायचा. भाग धड असला तर काहीच दिसायचं नाही. तडा असला तर केसाएवढी हिरवी रेघ काजव्यासारखी पेटून उठायची.

काम तिला आवडायचं. आवडायचं नाही ते फक्त मधलं बसणं. अंधारात हात मांडीवर ठेवून रिकामं बसलं, की माणसाला नको ते आठवतं.

तिला नवरा आठवायचा.

तो याच कारखान्यात फिटर होता. उंच, किडकिडीत, बोलका. दोघांची ओळख इथलीच, लग्नही त्याच ओळखीतून. मूल झालं नाही. सुरुवातीला दोघांनी डॉक्टर केले, मग तो विषय दोघांनीही हळूच बाजूला ठेवला. पुढे त्याला उडत्या हेलिकॉप्टरवर मेकॅनिकची जागा मिळाली. त्या जुन्या हेलिकॉप्टरांत पुढे दोन पायलट बसायचे, आणि त्यांच्या मधोमध, जरा मागे, एक घडीची तिसरी सीट असायची. तिच्यावर मेकॅनिक बसायचा. तेलाचा दाब, इंजिनाचं तापमान, कुठला काटा हलला, कुठला सूर बदलला, हे सगळं बघायचं त्याने. कंपनीने त्याला दूर देशी पाठवलं. आठ-दहा महिने तिकडे, मग महिना-दीड महिना घरी.

तिकडे त्याच्या वाट्याला जे हेलिकॉप्टर आलं, त्याला तिथली मंडळी 'म्हातारी' म्हणत. फोनवर तो स्वतःपेक्षा तिच्याबद्दलच जास्त बोलायचा. आज म्हातारी खोकली. आज म्हातारीने वर चढायला कुरकुर केली. आज तिला नवं तेल पाजलं, तेव्हा कुठे खूश झाली.

"कानामागून आली नि तिखट झाली," तडेबाई म्हणायची. "आता मलाच कुणीतरी तेल पाजा."

तो हसायचा. त्या वेळी फोन अर्धा अर्धा तास चालायचे.

मग ते आटत गेले. ती काही विचारायची, तो "हो, हो" म्हणायचा. ती म्हणायची, "जिन्यावरच्या आजी गेल्या हो," आणि तो म्हणायचा, "बरं झालं." तिला वाटलं, माणूस ऐकतच नाही. मन दुसरीकडे आहे. आणि ज्याचं मन दुसरीकडे असतं, त्याची दुसरीकडे कुणीतरी असते, हे सांगायला जगात बायकांची कमी नव्हती.

शेवटचा आला तो सुट्टी पुरी न करताच गेला. तेव्हा तो घरभर घुमेल इतका टीव्ही मोठा करून बसायचा. स्वयंपाकघरातून तिने दोनदा, तीनदा हाक मारली तरी ओ नाही. एकदा तर ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून, सगळा धीर गोळा करून म्हणाली, "तिकडे कुणी असली तर स्पष्ट सांगा. मी रडणार नाही." मागून उत्तर आलं नाही. वळून बघितलं, तर तो शांतपणे बुटाच्या नाड्या ओवत बसलेला. त्या दिवसापासून तिने तोंडात गुळणी धरली. तोही घुम्यासारखा बसला. चार दिवसांनी बॅग भरून निघाला. नंतरच्या सुट्ट्या त्याने तिकडेच घेतल्या. फोन थांबले, अधूनमधून दोन शब्दांचे निरोप तेवढे मोबाईलवर यायचे. 'ठीक आहे.' 'इथे थंडी आहे.' तीही तेवढंच लिहायची. 'ठीक.'

बरीच वर्षं गेली अशी. कारखान्यात कुणी विचारलं, "तुमचे हे कधी येणार?" की तिचं उत्तर तयार असायचं. "हा सीझन संपला की." झाकली मूठ सव्वा लाखाची. सीझन संपायचा, दुसरा लागायचा, आणि विचारणारे कमी होत गेले. शेवटी एकटी वायरवाली विचारायची. ती शेजारच्या खोलीत नव्या वायरींच्या जुड्या बांधायची, मनाने सरळ होती, आणि तिला खरोखरच वाटायचं की तो येणार आहे. तिला तसं सांगताना तडेबाईला सगळ्यात जास्त जड जायचं.

घरी दोन खोल्या. दुसरी खोली त्याच्या कपाटासकट बंद असायची. महिन्यातून एकदा ती तिथली धूळ झटकायची आणि पुन्हा कडी लावायची. संध्याकाळी जेवायला बसली की रेडिओ लावायची. गाण्यांसाठी नाही. कुणीतरी बोलत असावं म्हणून.

एके दिवशी सकाळी वायरवाली पडदा बाजूला करून आत डोकावली. आत उजेड सांडला आणि तडेबाई ओरडणार होती, पण वायरवालीचा चेहरा बघून थांबली.

"अगं, बाहेर ये! तुझी सवत आलीय."

"कोण?"

"म्हातारी गं! तुझ्या नवऱ्याची. नवी इंजिनं बसवायला पाठवलीय. फोरमनसाहेब म्हणाले, आख्खी नवी करून द्यायची."

तडेबाई हँगरमध्ये गेली. लांबलचक ट्रेलरवरून उतरवलेलं ते धूड मधोमध उभं होतं. पाती काढून वेगळी बांधलेली, नाकाचा रंग खरवडलेला, दारापाशी असंख्य बुटांनी झिजून पत्रा चकाकणारा. तिने त्याच्या पाठवलेल्या जुन्या फोटोंत हे नाक बघितलं होतं. त्याच्यापुढे तो कमरेवर हात ठेवून उभा असायचा. तिने हात लावला. पत्रा गार होता. इतकी वर्षं जिचा मत्सर केला ती अशी दमलेली निघेल, असं तिला वाटलं नव्हतं.

म्हातारीबरोबर तिकडचा एक जमिनीवरचा मेकॅनिक आला होता. जाडजूड, गोल चेहऱ्याचा. पहिल्या तासाभरात त्याने फोरमनला, रंगाऱ्याला आणि दारावरच्या पहारेकऱ्याला आपली सगळी कहाणी ऐकवली, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं नाव पोपट पडलं. म्हातारी खोलण्यात त्याचा हात लागणार होता, म्हणून तो काही महिने इथेच राहणार होता.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये चहाचा पेला घेऊन तो थेट तिच्या टेबलाशी आला.

"तुम्ही आमच्या दादांच्या ना? वहिनी! अहो, कालच सांगायचं नाही का? मी दिवसभर कुणाकुणाला विचारतोय, दादांच्या घरचं इथे कोण काम करतं म्हणून."

ती म्हणाली, "बसा."

तो बसला आणि सुरू झाला. दादांनी त्याला काम शिकवलं. दादा म्हणजे देवमाणूस. दादा धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या खोलीत एकटे राहतात, एक रोप लावलंय डब्यात, त्याला पाणी घालतात. कुणाकडे जाणं नाही, येणं नाही.

"आणि दर सीझनला एकच. यंदा शेवटचं, मग घरी. बायको वाट बघतेय. पोरं हसतात हो आता त्यांना. म्हणतात, दादा, वहिनींना सांगा, वाट बघून म्हाताऱ्या झाल्या असतील."

पोपट हसला. तडेबाईने पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. इतकी वर्षं ती इथे बसून जे खोटं बोलत होती, तेच तिकडे तो बोलत होता.

"मग येत का नाहीत?" तिच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर तिला कळलं, की हे विचारायला नको होतं.

पण पोपटाला काही वावगं वाटलं नाही. "कसे येणार? कानांचं ना. इथे आलं की तपासणी आली. तिकडचा डॉक्टर तोंड बघून शिक्का मारतो. इथले मशीनला बसवतात. एकदा कागदावर आलं की उडणं बंद."

"कानांचं," ती म्हणाली.

"डावा तर गेलाच म्हणा. उजव्यानं, समोर बसून बोललं, ओठ दिसले, तर समजतं. हेडफोन पूर्ण वाढवून कसंतरी निभावतात. पण फोन म्हणजे बोंबच! हो, बरं, हो. मी एकदा फोनवर सांगितलं, दादा, माझे वडील आजारी आहेत, तर म्हणाले, अभिनंदन." तो पुन्हा हसला, मग तिच्याकडे बघून जरा थांबला. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे," तडेबाई म्हणाली.

त्या दिवशी तिने अंधारात जांभळा दिवा लावलाच नाही बराच वेळ. समोर इंजिनाचे पाय पावडर लावून तयार होते. ती बसून राहिली. 'बरं झालं' आठवलं. जिन्यावरच्या आजी. टीव्ही आठवला. आणि ओट्याशी पाठमोरी उभी असलेली ती स्वतः. रडणार नाही म्हणालेली. मागे एक माणूस नाड्या ओवत बसलाय, त्याला काही ऐकूच आलेलं नाही, आणि ती मान ताठ करून त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावतेय.

मग तिला राग आला, आणि तो चांगला सणसणीत आला. इथे कामाला लागल्या दिवशी तिला पहिली गोष्ट शिकवली होती, की तडा असणं हा गुन्हा नाही, तो झाकणं हा गुन्हा आहे. आणि हा गृहस्थ बहिरे कान घेऊन वरती माणसं नेत होता! इंजिनाचा सूर बदलला असता आणि याला कळला नसता तर? मग तिला वाटलं, आपण तरी काय उघडं ठेवलं? हा सीझन संपला की येणार.

म्हातारी महिनाभरात पुरती सोलून झाली. तिचे तुकडे एकामागून एक पडद्याआड येऊ लागले. तडेबाईने कशातही हयगय केली नाही आणि काही जास्तही केलं नाही. शेपटाच्या सांध्यात दोन ठिकाणी रेघा पेटल्या, ते भाग बदलले. बाकी हाडं शाबूत होती. नवी इंजिनं पेट्यांतून बाहेर निघाली, स्वच्छ, करडी, अंगावर एक डाग नाही. वायरवाली म्हणाली, "बघ बाई, आता काट्यांवर नजर ठेवायला माणूस नको. इंजिनाचं डोकं इंजिनातच आहे. काही बिनसलं तर पडद्यावर आपोआप येतं."

त्याच आठवड्यात तडेबाई नको असलेला भाग टाकायला भंगाराच्या कोपऱ्यात गेली. तिथे जुन्या वायरींच्या ढिगावर एक घडीची सीट पडली होती. बैठक एका बाजूला दबलेली. फाटलेल्या कापडावर कुणीतरी जाड दोऱ्याने ठिगळ घातलेलं, टाके वेडेवाकडे. ते टाके तिच्या ओळखीचे होते. शर्टाची बटणंही तो अशीच लावायचा.

फोरमन तिथेच उभा होता. ती म्हणाली, "साहेब, ही चुकून आली का इकडे?"

"नाही, चुकून नाही. नव्या पुढच्या भागात ती जागाच नाही. दोन पायलट, बस. तिसरा माणूस लागत नाही आता." फोरमन बोलता बोलता थांबला. त्याच्या ध्यानात आलं. "बाई, त्यांना जमिनीवर काहीतरी देतीलच."

"बघू," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी येऊन तिने रेडिओ लावला नाही. टेबलाशी बसून मोबाईल हातात घेतला आणि लिहिलं, 'कानांचं मला सांगायला हवं होतं.' आणि पाठवून दिलं, मन बदलायच्या आत.

दोन दिवस काही आलं नाही. मग कामावरून परतताना बसमध्ये मोबाईल वाजला. 'कोणी सांगितलं?'

'पोपटाने.' मग तिला आठवलं, की हे नाव इथलं आहे. 'तो जाडा. तुमचा शिष्य.'

'तो गप्प बसणार नाही हे माहीत होतं.'

ती बसमध्ये उभी होती, एका हाताने दांडा धरून. एका अंगठ्याने टाइप करायला वेळ लागत होता. 'तिसरी सीट काढून टाकली.'

'हो. ऐकलंय.'

त्या शब्दाकडे ती बघत राहिली. मग लिहिलं, 'मग या.'

तिचा थांबा आला, गेला. ती पुढच्या थांब्यावर उतरली आणि उलट चालत घरी निघाली. जिन्यात असताना उत्तर आलं.

'येऊ?'

'या म्हटलं ना.'

तिकडचा हिशेब, कामाची सोडवणूक, या सगळ्याला महिने लागले. तोवर म्हातारी उभी राहिली. नवा रंग, नवे पत्रे, पुढे काट्यांच्या जागी चार काळे पडदे. पहिल्यांदा इंजिनं चालू करायची त्या दिवशी सगळे काम सोडून बाहेर आले. पाती हलली, फिरली, मग दिसेनाशी झाली. गवत आडवं पडलं. पोपट दोन्ही हात वर करून नाचत होता. तो काय ओरडतोय ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. तडेबाईच्या कानांवर आवाज अडवणारे कामाचे टोप होते. तिने एका बाजूचा टोप क्षणभर उचलून बघितला आणि ताबडतोब खाली दाबला. कान दुखला. आणि ही म्हणे नवी, जुन्यांपेक्षा सौम्य इंजिनं. जुन्यांच्या खाली तो किती वर्षं बसला होता! इतकी वर्षं ती कारखान्यात होती, पण तिचं काम पडद्याआड, शांततेत. त्याला काय ऐकावं लागतं हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

म्हातारी परत गेली, पोपटही गेला. जाताना त्याने तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "वहिनी, दादांशी बोलताना समोर बसा हं. कडेनं बोललात तर गेलं."

नवरा आला तो बसने, भर दुपारी. तिने रजा घेतली होती. स्थानकावर तो उतरला तेव्हा तिने आधी बॅग ओळखली, मग माणूस. केस पांढरे, खांदे पुढे आलेले. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बारीक झालीस," तो म्हणाला. जरुरीपेक्षा मोठ्याने. बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"तुम्हीही," ती म्हणाली.

तो मान हलवून म्हणाला, "हो, प्रवास बरा झाला."

बंद खोलीची कडी निघाली. घरात दोन माणसं झाली, दोन पेले, दोन टॉवेल. पण तडेबाईला वाटलं होतं तसं काही झालं नाही. तो पाहुण्यासारखा वागायचा. सकाळी उठून खुर्चीत बसायचा, ती कामावरून येईपर्यंत जणू तिथेच. काही हवं असलं तर विचारायचा नाही. ती पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची, हळू, जपून, आणि मग ते त्याच्यापर्यंत पोचायचंच नाही. त्याने कानात घालायचं यंत्र घेतलं, पण त्यातून भांड्यांचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांचाच आवाज जास्त येतो म्हणून डबीत ठेवून दिलं. एकटी होती तेव्हा तिला निदान रेडिओ लावता येत होता. आता समोर तो असताना रेडिओ लावायला संकोच वाटे. कारखान्यात वायरवालीने उत्साहाने विचारलं, "मग? घर भरलं की नाही?" तडेबाई म्हणाली, "भरलं ना." पुन्हा खोटं.

मग नळाचं प्रकरण झालं. तो नळ सोडायचा आणि पाण्याचा आवाज येत नसल्याने विसरून जायचा. दोनदा इमारतीची टाकी रिकामी झाली. खालच्या मजल्यावरचे पेन्शनर काका तिला जिन्यात गाठून गोड शब्दांत बोलले. तिसऱ्या वेळी ती कामावरून आली तर बाथरूममधून पाणी वाहत स्वयंपाकघरात आलेलं, आणि हा खुर्चीत, पाय वर घेऊन, खिडकीबाहेर बघत.

इतके दिवस जपलेलं सगळं एका क्षणात सुटलं.

"अहो! घर बुडवायचंय का माझं?" ती त्याच्यासमोर जाऊन ओरडली. "दहा वेळा सांगितलं, नळ बघा, नळ बघा!"

"केव्हा सांगितलंस?"

"काल! परवा!"

"कुठे? ओट्याशी उभी राहून? भिंतीला सांगितलंस तू!" तोही उठला. त्याचा आवाज आधीच मोठा, आता तर खिडक्या हलल्या. "सगळं भिंतीला सांगतेस! माझ्याकडे बघून एक वाक्य बोलली नाहीस आल्यापासून!"

"आणि तुम्ही? तुम्ही काय बोललात? इतकी वर्षं?"

"लाज वाटत होती मला!" तो ओरडला. मग पुन्हा, तेवढ्याच मोठ्याने, कारण हळू बोलणं त्याला जमत नव्हतं, "लाज वाटत होती!"

दारावर टकटक झाली. खालचे काका. "सगळं ठीक आहे ना?" पाण्यात उभं राहून तडेबाई म्हणाली, "ठीक आहे, काका. भांडतोय आम्ही." काका खाली गेले. दोघांनी फडकी घेतली आणि गुडघ्यांवर बसून पाणी टिपलं.

पुढे भांडणं बरीच झाली. शेजारी म्हणायचे, बाई एकटी होती तेव्हा किती शांत होती. नळाला त्याने स्वतःच ठरावीक वेळ झाली की पाणी आपोआप तोडणारी चावी बसवली. आणि तिने हट्टाने त्याला ओठ वाचायला शिकवणाऱ्या वर्गाला घातलं. तो म्हणाला, या वयात शाळेत जाऊ का? ती म्हणाली, मी येते बरोबर, मग तर जाल?

वर्ग एका जुन्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायचा. सात-आठ माणसं, बहुतेक पिकल्या केसांची, प्रत्येकाबरोबर घरचं कुणीतरी. शिकवणारी बाई उंच आणि हसरी होती. खुर्च्या समोरासमोर मांडायच्या, आणि आवाज न काढता एक वाक्य बोलायचं. समोरच्याने ते ओळखायचं. बाईंनी सांगितलं होतं, सोपं काहीतरी बोला. हवा, जेवण, रस्ता.

पहिल्या काही वेळा तडेबाईने तसंच केलं. आज गर्दी होती. चहा गार झाला. तो निम्मी वाक्यं ओळखायचा, निम्म्यांची भलतीच वाक्यं करायचा, आणि सगळे हसायचे, तोही हसायचा.

एकदा असंच ती त्याच्यासमोर बसली होती. तिला काय झालं कुणास ठाऊक. तो डोळे बारीक करून तिच्या ओठांकडे बघत होता, इतक्या लक्षाने, की इतक्या वर्षांत कुणी तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. ती आवाज न काढता म्हणाली, 'मला फार एकटं वाटायचं.'

त्याला समजलं नाही. त्याने बोटाने खूण केली, पुन्हा.

ती पुन्हा म्हणाली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

तो बघत राहिला. मग त्याचा चेहरा बदलला. त्याने नजर खाली नेली आणि परत वर आणली.

शिकवणाऱ्या बाई खुर्च्यांमधून फिरत त्यांच्यापाशी आल्या. त्याच्या समोर वाकून त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या? सांगा बघू सगळ्यांना मोठ्याने."

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं.

"म्हणते," तो नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "बाहेर वारा सुटलाय."